मुंबईहून एका दिवसात कास, भाड्याच्या गाडीचा अनुभव

ताई आणि दाजी ठाण्याहून पहाटे 4 ला निघाले, खंबाटकीत ट्रकच्या रांगेत अडकले तरी साडेनऊला साताऱ्यात हजर, आणि रात्री परत जायचंच होतं. दाजी म्हणाले आता अजून घाट नको बाबा, मग इथलीच एक गाडी ड्रायव्हरसकट ठरवली, नाव घेत नाही. 3500 ठरले.

ड्रायव्हर मामा एक नंबर. यवतेश्वरच्या घाटात धुकं इतकं की बोनेटच्या पुढचं दिसंना, मामा काच खाली करून, मुंडकं बाहेर काढून, हॉर्न देत निवांत नेत होते. एसी मात्र बंद, त्यामुळं आतून काच धुरकट आणि ती पुसायला मामांकडं पेपरचा बोळा! बुकिंग घेताना एसी चालू सांगितलेला की राव.

कासच्या पठारावर फुलांच्या सीझनमध्ये ऑनलाइन बुकिंग करूनच जा, 2012 ला युनेस्कोच्या यादीत आल्यापासून शनिवार-रविवार नुसती जत्रा असते. तेरड्याचा गुलाबी गालिचा बघून ताई गप्पच झाली, जे आमच्या घरात सहसा घडत नाही. तिथनं ठोसेघरचा धबधबा केला, सज्जनगड खालूनच हात जोडून सोडला, वेळच नव्हता.

परत आल्यावर मालक म्हणतो ड्रायव्हर भत्ता 400 वेगळा. आधी सांगायला काय झालं होतं? मामांना वेगळे 200 दिले ते खुशीनं, मालकाचे 400 जिवावर आले. दाजी कंदी पेढे घेऊन 6 ला निघाले, पोचले साडेबाराला. मुंबईकरांनो, मुक्कामीच या. मामा मिळणार असतील तर गाडी परत घेईन, एसी आधी चालू करून बघून.