डूना कार सीट: चाकांचे पैसे कधी वसूल होतात?

बाळाचा सगळा प्रवास घरच्याच एका गाडीतून होत असेल तर डूना, म्हणजे चाकं असलेली आणि प्रॅमसारखी ढकलता येणारी कार सीट, घेऊ नका. साधी बकेट सीट, म्हणजे हँडलने उचलता येणारी तान्ह्या बाळाची सीट, निम्म्याहून कमी पैशांत तेच काम करते. डूनाची किंमत अमेरिकेतच साडेपाचशे डॉलरच्या पुढे आहे, इथे मागवली की त्यावर आणखी खर्च चढतो. मात्र आधी विमान, मग विमानतळावरची टॅक्सी, मग मामाची गाडी असा वाहनं बदलत जाणारा प्रवास असेल, तर तिच्याइतकी सोयीची दुसरी वस्तू बाजारात क्वचितच मिळेल.

ही मागे तोंड करून बसवायची तान्ह्या बाळाची सीट आहे. चाकं तिच्या अंगातच दुमडतात आणि हँडल लांब होऊन ढकलायचा दांडा होतो. वेगळी प्रॅम लागत नाही. याचा खरा फायदा सीएनजी टॅक्सीत कळतो: डिकीत सिलिंडर, उरलेल्या जागेत दोन बॅगा, प्रॅमला जागाच नाही. डूना बाळासकट मागच्या सीटवर जाते, डिकीशी तिचा संबंध येत नाही.

युरोपीय मॉडेल बाळाच्या १३ किलो वजनापर्यंत चालतं, अमेरिकन ३५ पौंड (सुमारे १६ किलो) वजन आणि ३२ इंच उंचीपर्यंत. हे आकडे वाचून दोन वर्षांची निश्चिंती धरू नका, कारण बहुतेक बाळांची उंची वजनाच्या आधी मर्यादा गाठते. डोक्याच्या वर सीटची कड निदान इंचभर उरली पाहिजे, ती उरेनाशी झाली की सीट लहान झाली. साधारण वर्ष-सव्वा वर्षाचा हा सौदा आहे.

आता गाडीत बांधणं. युरोपीय मॉडेल गाडीच्या तीन-बिंदू (कमर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या) बेल्टने बसतं, आयसोफिक्स बेस, म्हणजे गाडीच्या सीटमधल्या धातूच्या कड्यांना अडकणारी बैठक, वेगळा विकत मिळतो. चाकं पूर्ण दुमडून सीट मागच्या बाकावर ठेवा, बाळाचं तोंड गाडीच्या पाठीकडे. बेल्टचा कमरेचा भाग सीटच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून जातो, खांद्याचा भाग सीटच्या पाठीमागून वळसा घेतो. बकल लावल्यावर एका हाताने सीट खाली दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने आधी कमरेचा, मग खांद्याचा बेल्ट ओढून घ्या. शेवटी बेल्ट जिथून जातो तिथेच सीट धरून हलवा. आडवी किंवा पुढेमागे इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा बांधा. वरची कड थोडी हलतेच, तिच्याकडे बघून घाबरू नका.

हँडलचं मात्र लक्षात ठेवा. इतर बकेट सीटांचं हँडल कुठे ठेवायचं हे ज्याच्या त्याच्या मॅन्युअलवर असतं. डूनात ते पूर्ण आत ढकलून बाकाच्या पाठीला टेकेल असं वळवायचं असतं. धडक बसली की सीट आधी पुढे झेपावते आणि मग उलटी पाठीकडे उसळते. ती उसळी हे हँडल अडवतं. घाईत ते उचलायच्या स्थितीत उभंच राहतं, ही नेहमीची चूक.

आपल्याकडच्या टॅक्सीत खरी अडचण सीट कव्हरची. मागचे बकल कव्हरखाली गाडलेले असतात, कधी मधला बकल चुकून कडेच्या बेल्टला लावला जातो. गाडी आल्यावर पहिल्यांदा हात घालून बकल शोधा, मगच सामान चढवा. जाड, गुळगुळीत रेक्झिनवर सीट घसरते, त्यामुळे वर सांगितलेल्या इंचभराच्या परीक्षेत नापास होते. बेल्ट आखूड पडला तर दुसरी गाडी मागवा, अर्धवट बांधून निघू नका. जुन्या गाड्यांत मधल्या जागेला नुसता कमरेचा बेल्ट असतो. युरोपीय मॉडेलला गाडीत तो चालत नाही. पुढच्या सीटवर, समोर चालू एअरबॅग असताना तर कधीच नाही.

अमेरिकेतल्या भावाकडून मागवणार असाल तर एक गोष्ट आधी बघा. अमेरिकन गाड्यांत बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की तो कटकट आवाज करत लॉक होतो, आणि तिथल्या बऱ्याच सीटा त्या लॉकवर अवलंबून असतात. भारतीय गाड्यांत बेल्ट सहसा असा लॉक होत नाही, फक्त जोराच्या झटक्याला अडकतो. त्यामुळे घट्ट बांधलेली सीट दोन-चार वळणांत सैल होते. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बेसशिवाय बेल्ट कसा फिरवायचा ते वाचा, गरज असेल तर बेल्ट अडकवायची धातूची क्लिप बरोबर ठेवा.

बाळाचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत, वरून नाही. पट्टा खांद्याजवळ चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर अजून सैल आहे. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बसवूच नका, दोन पायांमधला पट्टा लागतच नाही. आधी झबल्यावर पट्टे लावा, मग दुपटं वरून पांघरा. कमरेला चांदीचा करदोटा असेल तर तो बकलखाली दाबला जात नाही ना ते बघा, रडण्याचं कारण बरेचदा तेवढंच असतं.

ढकलायची गाडी म्हणून डूना मध्यम. विमानतळ, मॉल, हॉस्पिटलच्या गुळगुळीत फरशीवर लोण्यासारखी चालते. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि कलंगुटच्या वाळूत तिची छोटी चाकं रुततात. सामानाला खाली जाळी नाही, डायपरची पिशवी वेगळी जोडावी लागते. वजन साडेसात किलोच्या आसपास आहे, म्हणजे सहा महिन्यांच्या बाळासकट जिना चढताना चौदा-पंधरा किलो हातात. लिफ्ट नसलेल्या वाड्यात राहणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. आणि पावसाळ्यात चिखलाची चाकं दुमडून थेट बाकावर येतात, तेव्हा जुनं फडकं लागतंच.

सर्वात महत्त्वाची मर्यादा पाठीची. डूना सपाट होत नाही, बाळ कायम अर्धवट बसलेलं राहतं. लहान बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट अरुंद होते. तान्ह्याला सलग अर्ध्या तासाहून जास्त नको, मोठ्या बाळालाही दोन तासांत बाहेर काढून आडवं करा. पुणे-मुंबईला वाटेत एक थांबा धराच. गाडीतून उतरल्यावरही झोपलंय म्हणून तसंच ढकलत नेण्याचा मोह या चाकांमुळे जास्त होतो, दोष डिझाइनमध्येच आहे. ऊन लागतं म्हणून वरून मलमलचं कापड टाकू नका, आत वारा कोंडतो.

विमानात दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर घेता येतं, पण सीटमध्ये बसवायचं तर त्याच्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं. अमेरिकन मॉडेलवर ती मोटारगाडी आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित असल्याची लाल अक्षरांतली ओळ असते, काउंटरवर तीच दाखवा. बुकिंग करतानाच एअरलाइनला कळवून खिडकीची जागा घ्या. डूना ४४ सेंटीमीटर रुंद आहे आणि इकॉनॉमीच्या सीटच्या दोन आर्मरेस्टमधलं अंतर बहुधा तेवढंच, म्हणून बसवताना मधला आर्मरेस्ट वर करा. वेगळं तिकीट नसेल तर विमानाच्या दारापर्यंत ढकलत न्या आणि तिथे टॅग लावून द्या. चेक-इनच्या पट्ट्यावर टाकली तर आदळआपटीत आतला फोम तडकू शकतो आणि बाहेरून ते दिसत नाही.

ऑनलाइन हुबेहूब दिसणाऱ्या स्वस्त सीटा भरपूर आहेत. आर४४ या युरोपीय सुरक्षा मानकाच्या सीटवर नारिंगी लेबल असतं, वर्तुळात E आणि देशाचा आकडा, खाली ०३ किंवा ०४ ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक. लेबलचा फोटो पाठवायला विक्रेता टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडा. सेकंडहँड घेताना लेबलवरची तारीख बघा, आणि सीट कधी अपघातात होती का हे फक्त ओळखीच्या माणसालाच विचारून पटतं.