बोअरच्या पाण्याच्या डागांवर लिंबूसत्त्व

बोअरचं पाणी असलेल्या घरात नळाच्या तोंडाशी पांढरा खडा धरतो, शॉवरची धार वाकडीतिकडी उडते, बादलीचा मूळ रंग दिसेनासा होतो. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. साबणाने तो हलत नाही आणि तारेच्या घासणीने आधी नळाचं क्रोम जातं. यावर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, म्हणजे ढोकळ्यात घालतो तेच सायट्रिक अ‍ॅसिड, सगळ्यात चांगलं. बाथरूम धुवायच्या अ‍ॅसिडने डाग झटकन जातो हे खरं, पण ते हायड्रोक्लोरिक. त्याची वाफ नाकाला झोंबते आणि मोरीच्या स्टीलच्या जाळीला, दाराच्या बिजागऱ्यांना गंज चढवते. लिंबूसत्त्वाला अशी वाफ नाही. तरी हातमोजे घाला.

१ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम पुरे. एवढ्यात फार तर ३५ ग्रॅम थर विरघळतो. त्यामुळे जुना जाड थर एका खेपेत गेला नाही, तर पावडर खराब निघाली असं समजू नका. बुडबुडे थांबले की पाणी बदला. पाणी उकळतं मात्र नको. थर आणि आम्ल मिळून जे कॅल्शियम सायट्रेट तयार होतं, ते गरम पाण्यात कमी विरघळतं, मग थर जातो आणि त्याच्या जागी दुसरा पांढरा साका बसतो.

शॉवर फिरवून काढा, आतला रबरी वॉशर बाजूला ठेवा, अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने भोकं घासा आणि उलट बाजूने पाणी सोडा. नळाची जाळीही तशीच. नळ काढता येत नसेल, तर भिजवलेलं फडकं गुंडाळून १५ मिनिटं ठेवा, जास्त नाही. क्रोम उडालेल्या ठिकाणी खालच्या पितळेला आम्ल लागतं. टाइल्सवरच्या थरात साबणही मिसळलेला असतो. आम्लाने तो फुटून तेलकट राप उरतो, म्हणून शेवटी भांडी घासायच्या लिक्विडने धुवा. टाइल्सचे सांधे आधी साध्या पाण्याने भिजवले की आम्ल कमी शोषतात.

शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर आणि कडप्प्याचा ओटा यांना हे पाणी अजिबात लागू देऊ नका. हे दगडही कॅल्शियम कार्बोनेटचेच. थेंब पडला तरी चकाकी जाऊन फिकट ठिपका राहतो आणि तो पॉलिशशिवाय निघत नाही. दगड कुठला हे कळत नसेल, तर कोपऱ्यात एक थेंब टाकून बघा. फेस आला की थांबा. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या जागी तर आधी भरपूर पाणी ओतल्याशिवाय वापरूच नका, नाहीतर क्लोरीन वायू सुटतो.

शॉवरच्या काचेवर वर्षानुवर्षांचा धुरकटपणा असेल, तर तिथे लिंबूसत्त्वाचा फारसा उपयोग नाही. तो सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या घटकाचा थर असतो किंवा काचच झिजलेली असते. लोखंडाचे तांबूस डाग मात्र छान निघतात.

पाकिटावर मोनोहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेलं) असो की अनहायड्रस (पाणी नसलेलं), काम सारखंच. दुसरं साधारण ९ टक्के जास्त तीव्र. लहान पुड्यांपेक्षा किलोचं पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात भरा. पावसाळ्यात गोळे होतात, ते फोडून वापरले तरी चालतात. कालवलेलं पाणी मात्र साठवू नका, काही दिवसांत त्यावर बुरशी येते.