बेलग्रेड ते बार : रेल्वे की बस?

एकट्याने सर्बियातल्या बेलग्रेडहून माँटेनेग्रोच्या किनाऱ्यावरच्या बार शहरात जायचं असेल आणि घाई नसेल, तर डोळे झाकून रेल्वे निवडा. मग मात्र ते उघडे ठेवा. १९७६ साली सुरू झालेल्या या ४७६ किलोमीटरच्या मार्गावर अडीचशेहून अधिक बोगदे आहेत. फोटोसाठी मोबाइल सरसावला की बोगदा आलाच! माला रिएका पूल तर जवळपास २०० मीटर उंच. खाली पाहताना शेजारच्या आजोबांनी पुढे केलेली राकिया (फळांची कडक दारू) नाकारणं अवघड जातं. मधेच गाडी काही किलोमीटर बोस्नियात शिरते आणि पासपोर्ट न दाखवताच बाहेर पडते. वेळापत्रकातले अकरा-बारा तास मात्र निव्वळ सदिच्छा समजाव्यात.

बसचं तसं नाही. ती सहसा वेळ पाळते, पण डिकीतल्या बॅगेचे पैसे वेगळे, तेही सुट्टे. शौचालयाचं वेळापत्रक ड्रायव्हरच्या सिगारेटवर अवलंबून. सीमेवर सगळ्यांचे पासपोर्ट गठ्ठ्याने गेले की ते परत येईपर्यंत एकट्या प्रवाशाचा जीव टांगणीला.

दिवसाची रेल्वे मुख्यतः उन्हाळ्यातच असते. हिवाळ्यात रात्रीच्या गाडीतून अंधार बघण्यापेक्षा दिवसाची बस बरी.