परराज्यात शिक्षकाची नोकरी लावणाऱ्या एजन्सी: कोल्हापूरकरांनी पैसे नेमके कशाचे मोजावेत?

लग्नानंतर बंगळूरला जायचं असो, जोडीदाराची हैदराबादला बदली झालेली असो, नाहीतर राज्याच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या पुढच्या फेरीची वाट बघून जीव कंटाळलेला असो, राज्याबाहेर नोकरी शोधायची म्हटलं की कोल्हापुरातल्या बीएड-डीएड झालेल्यांच्या हातात आधी एखाद्या प्लेसमेंट एजन्सीचा नंबर पडतो. ही सेवा टाकाऊ नाही. पण ती एकाच कामाची आहे, आणि ते काम कोणतं हे आधी कळलं नाही तर पैशाबरोबर एक शैक्षणिक वर्षही हातचं जातं.

एजन्सी नोंदणी करून घेते, बायोडाटा इंग्रजीत नीट बसवून देते, तो खासगी शाळांकडे पाठवते, फोनवरची मुलाखत आणि डेमो, म्हणजे नमुना धडा, जुळवते. नेमणूक झाली की बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवसांचा पगार फी म्हणून मागतात, काही जण महिन्याचाही मागतात. खासगी सीबीएसई आणि निवासी शाळांसाठी ही सेवा खरोखर उपयोगी आहे. कुठल्या शाळेत गणिताची जागा मोकळी आहे, क्वार्टर मिळतं का, मेसचे पैसे पगारातून कापतात का, प्राचार्य स्वतः मुलाखत घेतात की संस्थेचा माणूस, ही माहिती कोल्हापुरात बसून काढणं अवघड. चांगली एजन्सी ती फोन लावून एका दिवसात काढून देते. तेवढ्याचे पैसे द्यायला हरकत नाही.

सरकारी जागांबाबत मात्र एजन्सीचा काडीचा उपयोग नाही. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयची कायम भरती जाहिरात, ऑनलाइन अर्ज आणि लेखी परीक्षेनेच होते. आर्मी पब्लिक स्कूललाही आधी त्यांची स्वतःची ऑनलाइन चाळणी परीक्षा द्यावी लागते. ‘तिथं आपली ओळख आहे, फॉर्म भरून टाका, बाकीचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं.

आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. पुण्याची राज्य परीक्षा परिषद जी महाटीईटी घेते, ती महाराष्ट्रातल्या नोकरीसाठी. निपाणी कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर असली, तरी तिथल्या सरकारी शाळेसाठी कर्नाटकची टीईटी लागते आणि पुढची निवडही तिथल्याच नियमांनी होते. राज्याबाहेर जाणाऱ्याने म्हणून सीटीईटी, म्हणजे केंद्रीय टीईटी द्यावी. ही परीक्षा सीबीएसई घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येक पेपरला १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. २०२१ पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. एका पेपरची फी खुल्या आणि ओबीसी वर्गाला १००० रुपये, दोन्हींची १२००. भाषांच्या यादीत मराठी आहे, त्यामुळे एक भाषा मराठी आणि दुसरी इंग्रजी घेतली की आपल्याकडच्या उमेदवाराला ती जड जात नाही. केंद्रीय विद्यालय आणि नवोदयला ती चालते, बाहेरच्या कित्येक खासगी शाळाही तीच विचारतात. राज्य सरकारच्या जागेला मात्र ती चालेलच असं धरून चालू नका. त्या राज्याची जाहिरात वाचूनच ठरवा.

बीएडवाल्यांनी आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीच्या नेमणुकीला बीएड चालत नाही, डीएलएड (पूर्वीचं डीएड) किंवा बीएलएड लागतं. एजन्सीच्या यादीत ‘पीआरटी (प्राथमिक शिक्षक), बीएड चालेल’ असं दिसलं तर त्या शाळेला नियमांची फिकीर नाही, एवढं समजून घ्या. उद्या तिथला अनुभव दुसरीकडे दाखवताना याच मुद्द्यावर अडवतील.

गोव्याचं अनेकांना वाटतं की मराठी चालते म्हणजे काम झालं. गोवा सरकारच्या नोकरीला १५ वर्षांचा रहिवासी दाखला आणि कोकणीचं ज्ञान लागतं. तेव्हा तिथे खासगी शाळाच बघायची.

आरक्षणाचंही तसंच आहे. इथल्या जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या नोकरीत आरक्षण मिळत नाही, तिथे खुल्यातूनच अर्ज करावा लागतो. एसईबीसीचा दाखला महाराष्ट्रापुरताच. केंद्राच्या भरतीसाठी ओबीसी आणि नॉन क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याच्या नमुन्यातलं नाही. आणि आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, हे आधी तपासायचं. सेतू केंद्रात अर्ज करतानाच ‘केंद्राच्या नोकरीसाठी’ हे स्पष्ट सांगा. नाहीतर हातात चुकीचा कागद पडतो आणि ते कळतं कागदपत्र पडताळणीच्या दिवशी, परक्या शहरातल्या रांगेत.

कागदपत्रांसाठी कुठलीच एजन्सी खरी मदत करत नाही. ते इथे, कोल्हापूर सोडायच्या आधीच उरकावं लागतं, आणि सगळ्यात जास्त अडतं ते नावाशी. कोल्हापूर विभागीय मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटा क्रम. बीएड लग्नानंतर केलं असेल तर तिथे सासरचं आडनाव. आपल्याकडे कारकुनाला हे रोजचं आहे, तो बघून पुढे जातो. हैदराबादच्या ऑफिसात बसलेल्या माणसाला त्या तीन कागदांवर तीन वेगवेगळ्या बायका दिसतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रातली नोंद करून घ्या, आणि अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरा.

अनुभवाचा दाखला हा दुसरा नाजूक कागद. ‘यांनी आमच्या शाळेत समाधानकारक काम केले’ एवढ्यावर भागत नाही. शाळेच्या लेटरहेडवर यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक हवा. तो अकरा अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळेचा २७ ने सुरू होतो. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शिकवलेले वर्ग, विषय, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर, पगार बँकेतून की रोख, हे सगळं त्यात यायला हवं. त्यावर नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मिळाली तर बाहेर त्या कागदाला वजन येतं. वरच्या वर्गांचा दाखला माध्यमिक विभागात, खालच्यांचा प्राथमिकला. तो एका फेरीत मिळेल असं धरू नका. मुख्याध्यापकांची सही, शिक्का आणि नेमणूक आदेशाची प्रत सोबत न्या. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर यूएएनवरची (पीएफच्या कायम क्रमांकावरची) सेवेची नोंद हा उत्तम जोडपुरावा आहे. तो क्रमांक नव्या शाळेतही तोच ठेवायचा, दुसरा काढू द्यायचा नाही.

शिवाजी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर फक्त श्रेणी असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र आधीच घ्या. केंद्रीय विद्यालयाच्या जाहिरातीत पदवीला ५० टक्क्यांची अट असते आणि श्रेणी बघून कुणी हिशेब करत बसत नाही.

डेमोच्या तयारीत एजन्सी सगळ्यात कमी पडतात. ‘कॉन्फिडन्सने बोला’ एवढाच सल्ला मिळतो. अडतं वेगळंच. बालभारती शिकवलेल्या माणसाला एनसीईआरटीच्या धड्यांचा क्रम माहीत नसतो. त्यातून मराठी माध्यमातला असेल तर अंश-छेद तोंडात बसलेला असतो आणि न्यूमरेटर-डिनॉमिनेटर म्हणताना फळ्यासमोर जीभ अडखळते. पंधरा-वीस मिनिटांचा एकच धडा घ्या, अपूर्णांक घ्या हवं तर. कागदाच्या घड्या घालून दाखवा, फळ्यावर तीनच उदाहरणं सोडवा, शेवटी मुलांना दोन प्रश्न. हाच धडा इंग्रजीत मोठ्याने दहा वेळा म्हणा. याला एक पैसा लागत नाही आणि निवड बहुतेक वेळा इथेच ठरते.

वेळेचंही गणित सांगायला हवं. सीबीएसई शाळांचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, म्हणून त्यांच्या मुलाखती बहुतेक फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. आपल्या राज्य मंडळाच्या शाळा तेव्हा परीक्षांत असतात. शिवाय महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त खासगी शाळेत कायम असाल तर तीन महिन्यांची नोटीस, कायम नसाल तर एक महिन्याची. डिसेंबरातच हालचाल केली नाही तर नवी शाळा एप्रिलात बोलावते, जुनी सोडत नाही आणि कार्यमुक्ती आदेशाशिवाय नवी शाळा रुजू करून घेत नाही.

एजन्सीने शाळेचं नाव सांगितलं की आधी सीबीएसईच्या ‘सरस’ (SARAS) या संलग्नता पोर्टलवर शाळेचा संलग्नता क्रमांक तपासा. मग शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर हे पान उघडा. शिक्षक किती, प्राचार्यांची पात्रता काय, अग्निसुरक्षेचा दाखला आहे का, हे तिथे द्यावंच लागतं. पान रिकामं असेल तर तेच उत्तर समजा.

नेमणूकपत्र हातात आलं की पगाराच्या आकड्याआधी दोन ओळी शोधा. एक, मूळ प्रमाणपत्रं शाळेकडे जमा ठेवण्याची. ती दाखवायची, ठेवायची नाहीत. दुसरी, ‘वर्षाच्या मध्ये सोडल्यास दोन महिन्यांचा पगार जप्त’ अशी किंवा पहिल्या पगारातून अनामत कापण्याची. यावर एजन्सी तुमच्या बाजूने शाळेशी बोलते का, यावरून तिची खरी परीक्षा होते. ‘सगळीकडे असंच असतं’ म्हणून हात झटकले तर ती शाळेची माणसं, तुमची नाहीत.

म्हणून नोंदणीला मोठी रक्कम देऊ नका. पंधरा दिवसांच्या पगारावर बोलणी करा, महिन्यावर नको. ती फी नेमणूकपत्रावर सही झाल्यावर, बँकेतून, पावती घेऊन. आणि तीन महिन्यांच्या आत शाळेने काढलं तर दुसरी जागा फुकट दाखवायची, हे त्याच पावतीवर लिहून घ्या.