३६ पैकी ३२ फोटो कोरे: जुना झूम कॅमेरा घेताना माझी कशी फसवणूक झाली

जुना रोलचा कॅमेरा घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पैसे पाठवण्याआधी हे वाचावं. माझे १४,५०० रुपये गेले. ते एक वेळ परत कमावता येतील. बाबांच्या पंचाहत्तरीचे फोटो गेले, ते कुठून आणू?

आमचं घर सांगलीचं. १९९६ साली काकांनी मस्कतहून येताना बाबांसाठी कॅननचा प्राइमा आणला होता. बटण दाबलं की घुर्र आवाज करत लेन्स बाहेर यायची, हे बघायला गल्लीतली मुलं जमायची. तोवर घरात यशिकाचा एमएफ-२ होता. फोटो चांगले यायचे, पण झूम नव्हता. गॅदरिंगला मी स्टेजवर नाचत असायची आणि बाबा मागच्या रांगेत, त्यामुळे फोटोत मी शेंगदाण्याएवढी. प्राइमा आल्यावर गॅदरिंगच्या फोटोत पहिल्यांदा माझा चेहरा ओळखू आला. खाली कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. त्या फोटोंचे सहा अल्बम आमच्याकडे आहेत. कॅमेरा मात्र २०१९ च्या महापुरात गेला. तो तळमजल्यावरच्या कपाटात होता आणि कृष्णेचं पाणी उतरेपर्यंत आम्हाला घरात पाय ठेवता आला नाही. अल्बम माळ्यावर होते म्हणून वाचले.

बाबांना पंचाहत्तरावं लागणार होतं, तेव्हा ठरवलं की तसाच कॅमेरा मिळवायचा आणि त्या दिवशीचे फोटो त्याच्यावरच काढायचे.

इन्स्टाग्रामवर जुने कॅमेरे विकणारी पानं चिक्कार आहेत. त्यातल्या एकावर मला हवा तसाच कॅमेरा दिसला. पण नाव होतं ‘ऑटोबॉय’, आणि खाली लिहिलं होतं, ‘फक्त जपानमध्ये मिळणारं दुर्मिळ मॉडेल’. ही पहिली मेख. कॅनन हे छोटे कॅमेरे वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या नावांनी विकायची. जपानमध्ये ऑटोबॉय, अमेरिकेत शुअर शॉट, युरोपात प्राइमा. आत यंत्र तेच. ऑलिंपसचंही तसंच, जगभर म्यू आणि अमेरिकेत स्टायलस. पेंटॅक्सचा एस्पिओ अमेरिकेत आयक्यू झूम झाला. म्हणजे मी जो कॅमेरा जपानी दुर्मिळ म्हणून १४,५०० ला घेतला, तो प्राइमा या नावाने शोधला असता तर साडेचार-पाच हजारांत मिळत होता. हे मला नंतर कळलं. किंमत बघताना एकाच नावाने शोधू नका, तिन्ही नावं टाकून बघा.

विकणारा बोलायला अतिशय गोड. प्रत्येक वाक्यात ताई. ‘ताई, मी स्वतः एक रोल काढून बघितलाय, डोळे झाकून घ्या.’ मी व्हिडिओ मागितला, त्याने लगेच पाठवला. लेन्स आत-बाहेर होते, फ्लॅश पडतो, वरच्या पट्टीवर आकडे दिसतात. शिवाय ‘याच कॅमेऱ्याचे’ म्हणून सहा फोटो पाठवले. मरीन ड्राइव्ह, इराण्याचा चहा, खिडकीत बसलेली एक मुलगी. रंग सुरेख, कोपऱ्यात नारिंगी तारीख, वर्ष २४. मला एकदम आमचे अल्बम आठवले. मी अर्ध्या तासात यूपीआयने पैसे पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव पानावरच्या नावापेक्षा वेगळं होतं. विचारलं तर म्हणाला, ‘मोठ्या भावाचं खातं आहे, ताई.’

कॅमेरा चार दिवसांत आला. दिसायला झकास. लेन्सच्या कडेला नखाएवढा आडवा ओरखडा होता, तेवढं चालायचंच. तीन व्होल्टची लिथियमची बॅटरी घातली, कॅमेरा चालू झाला. तारीख लावायला घेतली तर वर्ष १९ च्या पुढे सरकेना, पुन्हा मागच्या सालांवर जायला लागलं. या पिढीतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं कॅलेंडर २०१९ लाच संपतं. मला वाटलं, असू दे. मी वर्षाऐवजी दिवस-तास-मिनिट छापायची सोय निवडली. म्हटलं, औक्षण किती वाजता झालं तेही फोटोवर राहील. वर्ष १९ वर अडतं, मग त्याच्या फोटोंवर २४ कसं आलं, हा प्रश्न त्या वेळी माझ्या डोक्यात आलाच नाही.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. घरात ४० माणसं. मी ४०० चा, म्हणजे कमी उजेडातही चालणारा, रोल घातला, कारण या छोट्या कॅमेऱ्यांत झूम पूर्ण बाहेर काढला की भिंगाचं तोंड फार लहान होतं आणि कमी उजेडात फोटो हलतो. इतकी काळजी घेतली होती. आईने आणि आत्याने ताटात ७५ दिवे लावून बाबांना ओवाळलं. त्या उजेडात बाबांचा चेहरा कसा दिसत होता ते मला शब्दांत सांगता येत नाही, म्हणूनच तर फोटो काढत होते. आणि मीच सगळ्यांना सांगितलं होतं की मोबाईल आत ठेवा, आज सगळे फोटो रोलवर. पोरांनी ऐकलं. माझ्या भाचीने उचललेला फोनसुद्धा मी तिच्या हातातून काढून घेतला. हे आठवलं की अजून घशात अडकतं.

दर वेळी बटण दाबलं की फ्लॅश पडत होता, मोटर फिरत होती, आकडा एकेकाने वाढत होता. ३६ व्या फोटोनंतर रोल आपोआप गुंडाळला गेला. शंका घ्यावी असं काही नव्हतं.

रोल पुण्यात धुवायला दिला. तिसऱ्या दिवशी लॅबवाल्या काकांचा फोन आला, ‘एकदा येऊन जा.’ त्यांनी निगेटिव्हची पट्टी उजेडाच्या पाटीवर पसरली. नुसती नारिंगी, पारदर्शक. चार ठिकाणी चित्र, बाकी ३२ चौकटी कोऱ्या. आणि प्रत्येक कोऱ्या चौकटीच्या कोपऱ्यात बारीक काळसर आकडे: ९ ११:४२. ९ ११:४३. पुन्हा ९ ११:४३. तारीख छापणारा दिवा कॅमेऱ्याच्या मागच्या दारात असतो, तो फिल्मवर मागून उजेड टाकतो. त्याचा शटरशी संबंध नाही. त्यामुळे फोटो आला नाही तरी वेळ उमटली. ११:४२ ला आत्या ताट घेऊन उभी राहिली होती. ११:४३ ला बाबांनी डोळे मिटले होते. कोणती चौकट कशाची, हे मला सगळं सांगता येतं आणि दाखवता काहीच येत नाही.

आलेले चार फोटो असे: दारातली रांगोळी, रिकामी खुर्ची, चुलतभावाचा खांदा, आणि बाबा, पण पाठमोरे, बेसिनवर हात धुताना.

मला वाटलं माझंच काही चुकलं. काकांनी समजावून सांगितलं, ते इथे मुद्दाम लिहिते, कारण विकणारे नेमकं इथेच खोटं बोलतात. पट्टीच्या कडेला कंपनीचं नाव आणि चौकटींचे क्रमांक असतात, ते कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात. ते स्पष्ट दिसत असतील तर रोल नीट धुतला गेला आहे. कडाही कोऱ्या असतील तर चूक लॅबची. पट्टी काळीकुट्ट असेल तर कुठूनतरी उजेड आत शिरला, दार उघडलं गेलं किंवा दाराच्या खाचेतला फोम कुजला. आणि कडा छापलेल्या, चौकटी कोऱ्या, म्हणजे फिल्मपर्यंत चित्राचा उजेड पोचलाच नाही. रोल अडकून जागेवरच राहिला असेल तरीही असंच दिसतं, पण माझ्या पट्टीवर वेळ चौकटीगणिक पुढे जात होती, म्हणजे रोल नीट सरकत होता.

मग त्यांनी माझा कॅमेरा घेतला, मागचं दार उघडलं, ट्यूबलाइटकडे धरला आणि मला मागून बघायला लावून बटण दाबलं. शटर उघडलं तर भिंगातून क्षणभर उजेडाचा ठिपका दिसायला हवा. काळोख. दहा वेळा दाबलं, एकदाच ठिपका चमकला. शटरची पाती आत चिकटली होती. जुनं वंगण पसरून असं होतं, म्हणाले. हे बघायला एक मिनिट लागलं. फुकट. बहुतेक कॅमेऱ्यांत रोल नसताना हे बघता येतं. त्या माणसाने पाठवलेल्या व्हिडिओत मागचं दार एकदाही उघडलेलं नव्हतं. लेन्स, फ्लॅश, आकडे हे सगळं बॅटरीवर चालतं; त्यातून कॅमेऱ्याला वीज मिळते आहे एवढंच कळतं.

मी त्याला पट्टीचा फोटो पाठवला. आधी म्हणाला, ‘ताई, रोल नीट बसला नसेल.’ मी वेळेचे आकडे दाखवले. मग, ‘लॅबने घालवला.’ मी कडेचे क्रमांक दाखवले. मग, ‘पुढचे चार स्क्रू काढून इअरबडने पुसून घ्या, होऊन जाईल.’ हे कोणीही करू नका. फ्लॅशसाठी या कॅमेऱ्यांत एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, असतो, त्यात ३०० व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि बॅटरी काढल्यावरही तो राहतो. लॅबवाल्या काकांनी वेळीच सांगितलं म्हणून मी पेचकस हातात घेतला नाही. पैसे परत मागितल्यावर ‘जुनी वस्तू आहे, गॅरंटी नसते’ असं उत्तर आलं आणि त्याने मला ब्लॉक केलं.

त्या रात्री मी त्याचे सहा फोटो पुन्हा उघडले आणि शेजारी बाबांचा १९९६ चा अल्बम ठेवला. अल्बममध्ये जे फोटो कॅमेरा उभा धरून काढलेत, त्यांवर तारीख आडवी पडलेली आहे, कडेने वर चढत जाते. तशीच असणार, कारण तारखेचा दिवा कॅमेऱ्यात एकाच जागी बसवलेला असतो; कॅमेरा फिरला की तारीखही फिरते. त्याने पाठवलेला खिडकीतल्या मुलीचा फोटो उभा होता, आणि तारीख खाली उजव्या कोपऱ्यात सरळ, वाचायला सोयीची. मोबाईलच्या अ‍ॅपने डकवलेली. वर्ष २४ होतं तेही त्यामुळेच. त्या सहापैकी एकही फोटो या कॅमेऱ्यातून निघालेला नव्हता.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: ‘टेस्ट केलाय’ म्हणणाऱ्याकडे फोटो मागू नका, निगेटिव्ह मागा. न कापलेली पट्टी खिडकीत धरून, तिच्याच शेजारी कॅमेरा ठेवून, तुमचं नाव कागदावर लिहून व्हिडिओ करायला सांगा. ज्याने खरंच रोल काढला आहे त्याच्याकडे पट्टी असते, कारण पाच-सहाशे रुपये देऊन धुतलेली पट्टी कोणी सहसा टाकून देत नाही. दार उघडून, उजेडाकडे धरून शटर उडवलेला व्हिडिओही मागा. जमलं तर प्रत्यक्ष जाऊनच घ्या, आणि जाताना बॅटरी स्वतःची न्या, म्हणजे ‘बॅटरी नाही म्हणून दाखवता येत नाही’ ही सबब उरत नाही. टॉर्च मारून भिंगात बुरशीचे धागे आहेत का बघा. कोकणातून, मुंबईतून आलेल्या कॅमेऱ्यांत ती बरेचदा असते. आणि घेतल्यावर आधी एक साधा रोल घराभोवती काढून धुऊन बघा. मी ते केलं नाही. दिवस थोडे होते, आणि रोल हजार-अकराशेचा, म्हणून वाचवायला गेले.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून ऑनलाइन तक्रार नोंदवली आहे. पण मी रोल धुऊन येईपर्यंत तीन आठवडे उलटले होते. पैसे गेल्यावर तासा-दोन तासांत कळवलं तर ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, तीन आठवड्यांनी फारच कमी. तरीही तक्रार करा. चॅट, यूपीआयची पावती आणि पार्सलवरचा पत्ता जपून ठेवा, ब्लॉक होण्याआधीच सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या.

बाबांना ती पट्टी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून एकेक वेळ वाचली. ११:४३ शी थांबले आणि म्हणाले, ‘दोनदा दाबलंस होय गं?’ मग ती पट्टी त्यांनी शेवटच्या अल्बमच्या खिशात ठेवली.

मागच्या आठवड्यात मैत्रिणीने एका नव्या पानाची लिंक पाठवली. वेगळं नाव, तीच भाषा, आणि विकायला ‘दुर्मिळ जपानी ऑटोबॉय, रोल काढून तपासलेला’. फोटोत लेन्सच्या कडेला नखाएवढा आडवा ओरखडा आहे. तो कॅमेरा माझ्या कपाटात आहे.