आदल्या रात्री भरती, की ऑपरेशनच्या दिवशी सकाळी?

ऑपरेशनची तारीख ठरली की काउंटरवर हमखास विचारतात, "आदल्या संध्याकाळी येताय, की त्याच दिवशी सकाळी?" माझी दोन ऑपरेशनं झाली, दोन्ही आधी ठरवून केलेली. हर्नियाच्या वेळी आदल्या संध्याकाळीच भरती झालो, पित्ताशयाच्या वेळी सकाळी साडेसहाला. दोन्ही वेळा मी झोप आणि खोलीचं भाडं एवढ्याचाच हिशेब केला. तो अपुरा होता. शेवटच्या दहा-बारा तासांत पोटात काय जातंय आणि कुठली गोळी घ्यायची, कुठली टाळायची, याकडे कोण लक्ष देणार, सिस्टर की तुम्ही, यावर खरं तर ठरवायला हवं.

झोपेचं आधी उरकून टाकतो. घरी चांगली लागते. हॉस्पिटलात रात्री दहाला बीपी, मध्येच शेजारच्या कॉटचा मॉनिटर, पहाटे पाचला पुन्हा थर्मामीटर. घरी गजर वाजेल ना, या धास्तीने दोनदा जाग येते, तेवढंच.

उपाशी राहण्यात मात्र मोठा फरक पडतो. भरती असताना माझ्या कॉटला रात्री बारा वाजता 'एनबीएम' अशी पाटी लागली, म्हणजे तोंडाने काही नाही. नंबर सकाळी अकराचा होता, प्रत्यक्षात लागला अडीचला. साडेचौदा तास पाण्याचा थेंब नाही. ऑपरेशनपेक्षा डोकेदुखीच जास्त लक्षात राहिली. खरं तर सर्वसाधारण नियम इतका कडक नाही. हलकं खाणं भूल देण्याच्या 6 तास आधीपर्यंत, तेलकट किंवा मांसाहारी जेवण 8 तास आधीपर्यंत आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. भुलेत ठसका लागून श्वासनलिका मोकळी ठेवण्याची शरीराची सवय बंद पडते आणि पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं, म्हणून हा सगळा खटाटोप. जुना मधुमेह, जोराची आम्लपित्ताची तक्रार, गरोदरपण किंवा वजन कमी करायची आठवड्याची इंजेक्शनं असतील तर पोट सावकाश रिकामं होतं किंवा पोटातलं सहज वर येतं, तिथे 2 तासांचा हिशेब परस्पर लावायचा नाही. भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ.

घरून येणाऱ्याला हा नियम नीट पाळता येतो, आणि घरीच तो मोडतोही. पित्ताशयाच्या दिवशी माझ्या शेजारी हिरवा गाऊन घालून एक काका बसले होते. सिस्टरने विचारलं, "सकाळपासून काही घेतलंत?" काका म्हणाले, "छे, घोटभर चहा फक्त." दुधाचा. दूध पोटात गेलं की फाटून घट्ट होतं, त्यामुळे ते खाण्यातच धरतात. काकांचा नंबर पहिल्यावरून शेवटी गेला. आदल्या रात्री भरती असते तर तो चहा हातात आलाच नसता.

गोळ्यांच्या बाबतीत माझा सगळ्यात मोठा गैरसमज होता. आदल्या दिवशी भरती झालो की डॉक्टर बघतील काय बंद करायचं ते, असं वाटायचं. पण तोवर उशीर झालेला असतो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून घेतात ती क्लोपिडोग्रेल बंद करायची असेल तर साधारण 5 ते 7 दिवस आधी, त्याच कामाची वॉर्फरिन साधारण 5 दिवस आधी. डायबेटिसच्या गोळ्यांतल्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या निदान 3 दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांनी साखर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. उलट, बीपीच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, अचानक तोडणंच धोक्याचं. यातलं काहीही आपल्या मनाने करायचं नाही. स्टेंट किंवा कृत्रिम झडप असेल तर अजिबातच नाही. गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून भूलतज्ज्ञांसमोर ओतायच्या आणि प्रत्येकीपुढे 'शेवटची कधी' हे कागदावर लिहून घ्यायचं.

म्हणून माझ्या मते पहिली अट भूलतज्ज्ञांच्या तपासणीची. ती आठवडाभर आधी झाली असेल, रिपोर्ट हातात असतील, तब्येत एरवी ठीक असेल आणि घर जवळ असेल, तर सकाळीच जावं. ती भरती झाल्यावरच होणार असेल तर निदान आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचावं. ऑपरेशनच्या सकाळी ईसीजीत काही निघालं, तर सरळ पुढची तारीख मिळते.

इन्सुलिनवर असणारे, एकटे राहणारे, विसराळू झालेले वयस्कर, लांबून येणारे, यांनी आदली रात्र तिथेच काढावी. पोट साफ करायचं औषध रात्री घ्यायचं असेल तर धडधाकट माणसाला घरचा संडास बरा. अशक्त माणसाला चक्कर येऊन पडण्याची भीती असते, त्याला हॉस्पिटल.

दोन किरकोळ गोष्टी. केस घरी वस्तऱ्याने काढू नका, त्वचेवरच्या बारीक कापांतून जंतू शिरतात. गरज असेल तर हॉस्पिटलात ते क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने काढतात. हर्नियाच्या वेळी वॉर्डबॉयने आदल्या संध्याकाळी रेझर फिरवला होता, तेव्हा मला हे माहीत नव्हतं. आज असतं तर हात धरला असता. आंघोळ साबणाने, दोन्हीकडे सारखीच. नखांचं पॉलिश मात्र घरूनच काढून जा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावतात.

संध्याकाळच्या भरतीचा एक फायदा कोणी सांगत नाही. संमतिपत्र शांतपणे वाचता येतं. सकाळच्या वेळी माझ्या उजव्या हातात सलाईनची सुई होती, दारात स्ट्रेचर उभा, आणि मी डाव्या हाताने सही केली. सकाळी जाणार असाल तर त्याची कोरी प्रत तपासणीच्या दिवशीच मागून घ्या आणि विम्याची मंजुरीही तेव्हाच मार्गी लावा. सोबतीच्या माणसाला मात्र सकाळचंच सोपं पडतं, त्याची एक रात्र वाचते.

पुढच्या महिन्यात बहिणीचं ऑपरेशन आहे. ती इन्सुलिनवर आहे, म्हणून यादीत पहिला नंबर मागितला होता, मिळाला दुपारचा. तिला मी आदल्या संध्याकाळीच नेणार आहे. रात्री बारापासून पाणी बंद करणार का, की तिच्यासाठी वेळ वेगळी, हे भूलतज्ज्ञांना आत्ताच विचारून त्यांच्या अक्षरात केसपेपरवर लिहून घेतलंय.