मर्फींचं निळं पुस्तक: पैठणी विकणाऱ्या बाईचा अभिप्राय

येवल्यात दुकानात बसून पैठणी विकायची तर मराठी-हिंदीवर भागतं. पण आमचं बरंचसं गिऱ्हाईक आता फोनवर असतं. कुणी बंगळुरूचं, कुणी हैदराबादचं, कुणी थेट अमेरिकेतलं. साडीच्या फोटोखाली इंग्रजीत चार ओळी लिहायचं काम घरात माझ्याकडे आहे. त्या चार ओळींत क्रियापदं कमी आणि विशेषणंच जास्त. म्हणून रेमंड मर्फी यांचं ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ आणलं आणि त्यातला विशेषणांचा भाग पेन्सिल घेऊन नीट सोडवला. बाकीचं पुस्तक अजून पुरतं झालेलं नाही, तेव्हा हा अभिप्राय तेवढ्याच भागाचा.

पुस्तक केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचं, पहिल्यांदा १९८५ साली निघालेलं. माझी प्रत २०१९ च्या पाचव्या आवृत्तीची. १४५ छोटे धडे. डाव्या पानावर समजावणी, उजव्या पानावर स्वाध्याय. विशेषणांचा भाग ९८ व्या धड्यापासून सुरू होतो आणि पुढे तुलनेपर्यंत जातो.

शाळेत आपण गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण असे प्रकार घोकले. मर्फी त्या वाटेला जात नाहीत. ते सरळ कामाचं सांगतात: दोन-तीन विशेषणं शेजारी आली तर आधी कोणतं? त्यांनी दोन गट पाडलेत. एक मत सांगणारी, म्हणजे नाइस, ब्युटिफुल वगैरे. दुसरी वस्तुस्थिती सांगणारी. मत आधी, वस्तुस्थिती नंतर. वस्तुस्थितीतही साधारण क्रम आहे: केवढं, किती जुनं, कोणत्या रंगाचं, कुठलं, कशाचं. ‘अ ब्युटिफुल ओल्ड पर्पल सिल्क साडी’ बरोबर वाटतं, ‘अ सिल्क पर्पल ओल्ड ब्युटिफुल साडी’ कानाला टोचतं. आपल्याकडे ‘जुनी जांभळी रेशमी’ आणि ‘जांभळी जुनी रेशमी’ दोन्ही चालून जातं, त्यामुळे इंग्रजीत असा क्रम असतो हे कुणी सांगितल्याशिवाय सुचतच नाही.

दोन रंगांचा नियमही तिथेच सापडला. नामाआधी दोन रंग आले की मध्ये ‘अँड’ हवा. आमच्या धूपछाव साड्यांत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे हा नियम रोज लागतो: ‘अ पर्पल अँड ग्रीन पैठणी’. पण ‘लाँग ग्रीन’ यात अँड नाही, कारण एक लांबी आणि एक रंग.

अडचण आली ती ‘हँडवोव्हन’पाशी. केवढं, किती जुनं, कोणता रंग या रांगेत ‘कसं बनवलेलं’ याला जागाच दिलेली नाही. ‘हँडवोव्हन पर्पल सिल्क’ आणि ‘पर्पल हँडवोव्हन सिल्क’ दोन्ही वाचायला ठीक वाटतात. मी पहिलं लिहिते, कारण हातमाग ही आमची मुख्य गोष्ट आहे. ते पुस्तकानं नाही, धंद्यानं ठरवलं.

९८ वा धडा, आय-एन-जी आणि ई-डी वाल्या विशेषणांचा, आपल्या लोकांनी आधी करावा. आमचे भाऊजी गिऱ्हाइकाला खुशाल लिहितात, ‘वुई आर व्हेरी एक्सायटिंग टू शो यू’. एक्सायटिंग साडी असायला हवी, आपण एक्सायटेड. ज्याच्यामुळे वाटतं त्याला आय-एन-जी, ज्याला वाटतं त्याला ई-डी. कंटाळवाणं भाषण आणि कंटाळलेला श्रोता हा फरक मराठीत आपण चुकत नाही, तोच तिकडे न्यायचा. मर्फी अर्थातच हे मराठीतून सांगणार नाहीत, आणि इथेच पुस्तकाची मर्यादा दिसते. ते जगभरच्या शिकणाऱ्यांसाठी लिहिलंय. आपली चूक नेमकी कुठून येते हे त्यात मिळत नाही.

तुलनेच्या धड्यांचंही तसंच. आपल्याकडे ‘पेक्षा’ सगळा भार उचलतो, ‘जड’ आहे तसंच राहतं. इंग्रजीत ‘दॅन’ही लावायचं आणि ‘हेवी’चं ‘हेवियर’ही करायचं. कुठेतरी ‘मोअर’ लावतात एवढं डोक्यात असतं, मग ‘मोअर हेवियर’ जन्माला येतं. लहान शब्दांना ई-आर, लांब शब्दांना मोअर, वायनं संपणाऱ्यांचं काय, हे पुस्तकात छान मांडलंय, स्वाध्यायही भरपूर आहेत. पण दुहेरी तुलना का होते ते आपलं आपणच शोधायचं.

उदाहरणांबद्दल थोडी कुरकुर. हवा, हॉटेलं, सुट्ट्या, प्रवास, सगळं तिकडचं. मी प्रत्येक स्वाध्यायानंतर काठ, पदर, बुट्टी घेऊन माझी वाक्यं वहीत लिहिली, तेव्हा कुठे ते हातात बसलं. नुसत्या गाळलेल्या जागा भरल्या तर दोन दिवसांत विसरायला होतं.

एक मात्र पुस्तकानं न सांगता शिकवलं. मत आणि वस्तुस्थिती हे दोन गट कळल्यावर मी आमच्या जुन्या जाहिराती काढून बघितल्या. ब्युटिफुल, गॉर्जस, स्टनिंग, सगळी मतंच. गिऱ्हाईक मात्र विचारतं की जड आहे का, पदर केवढा, रेशीम खरं का. आता मी मताचं विशेषण एकच ठेवते आणि उरलेली जागा रंग, वजन, विणीला देते. तीच माहिती पुन्हा विचारणारे मेसेज कमी झालेत.

घेताना मागे उत्तरं असलेली आवृत्ती बघून घ्या. उत्तरांशिवायचीही निघते, ती क्लासवाल्यांच्या कामाची. शेवटी एक चाचणी आहे, त्यावरून कोणते धडे आपल्याला हवेत ते कळतं, सगळं पहिल्यापासून करायची गरज नाही. समजावणीही इंग्रजीतच असल्यामुळे अगदी नवख्यानं हे घेऊ नये. त्यांच्यासाठी मर्फींचंच लाल पुस्तक आहे, ‘इसेन्शियल’ नावाचं. भाऊजींना मी तेच आणून देणार आहे.